चवीचा टोमॅटो घरच्या घरी कसा तयार करायचा

बाजारातला टोमॅटो बेचव का लागतो याचं अर्धं उत्तर म्हणजे तो कच्चा तोडतात, हे सगळ्यांना माहितीये, पण उरलेलं अर्धं बियाण्यातच आहे, आणि ते आपण गच्चीवरच्या कुंड्यांमध्येसुद्धा बदलू शकतो.

आधी चव कशाने येते ते बघू. साखर, आंबटपणा आणि वास, तिन्ही लागतात. साखरेचा प्रॉब्लेम असा की फळ मोठं झालं की ती सहसा कमी होते, म्हणून चेरी टोमॅटो गोड आणि भाजीचा मोठा टोमॅटो पाणचट. वासाचं तसं नाही. वासाची द्रव्यं इतकी थोडी लागतात की त्यासाठी झाडाला फळाचा आकार कमी करावा लागत नाही, आणि त्यातली काही द्रव्यं साखर न वाढताही फळ जास्त गोड भासवतात. फ्लोरिडा युनिव्हर्सिटीचे हॅरी क्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली ३९८ वाणांचे जीनोम, म्हणजे सगळी जनुकं, तपासले, लोकांना टोमॅटो चाखायला दिले, आणि आधुनिक वाणांमध्ये चवीची १३ द्रव्यं जुन्या वाणांपेक्षा कमी झालेली दिसली. कंपन्या उत्पादन, टणकपणा, रोगप्रतिकार बघत राहिल्या आणि चवीचे जीन मागे सुटत गेले. म्हणून माझं स्पष्ट मत, घरी निवड करताना आकाराच्या मागे लागूच नका, वासाच्या मागे लागा.

आता कृती, म्हणजे दोन वाणांचा संकर. आई म्हणून, म्हणजे जिच्यावर फळ धरायचं ते झाड, असं सरळ (हायब्रीड नसलेलं) वाण घ्या जे तुमच्याकडे रोगाला टिकतं आणि ज्याचं कच्चं फळ सगळीकडे सारखं फिकट हिरवं असतं. बाप म्हणून, म्हणजे ज्याचे परागकण घ्यायचे, चवीला आवडलेला गावठी किंवा चेरी टोमॅटो, पण कच्चेपणी देठाजवळ गडद हिरवे खांदे असलेलाच. हे हिरवे खांदे जीएलके२ नावाच्या जीनमुळे येतात, तो फळात हरितद्रव्य वाढवतो आणि त्यातून साखरही वाढते. फळ एकसारखं पिकावं म्हणून ब्रीडर लोकांनी बिघडलेला जीन निवडला आणि गोडवा गेला, हे २०१२ मध्ये कळलं.

आईच्या झाडावरची उद्या उमलेल अशी कळी निवडायची, पाकळ्या जेमतेम पिवळ्या दिसायला लागलेल्या, बारीक चिमट्याने आतला पिवळा पुंकेसरांचा शंकू अलगद काढायचा, मधली दांडी मोडू द्यायची नाही, आणि बापाच्या उमललेल्या फुलातले परागकण तिच्या टोकाला लावायचे, दुसऱ्या दिवशी परत एकदा लावले तर उत्तम. कळीला दोरा बांधून ठेवा नाहीतर फळ ओळखू येणार नाही. हे थंडीत करा, रात्र गरम असली की फळधारणाच होत नाही. त्या फळाची चव बघून निराश होऊ नका, ती आईचीच असते, नवीन पिढी त्याच्या बियांमध्ये आहे.

बिया लावल्या की एफ-वन, म्हणजे संकराची पहिली पिढी. हिरवा खांदा प्रभावी गुण आहे, म्हणजे एकाच पालकाकडून आला तरी दिसतो, त्यामुळे आईला नसलेले हिरवे खांदे एफ-वनच्या कच्च्या फळांवर दिसले म्हणजे संकर खरंच झाला, नाहीतर आईचंच स्वपरागीकरण झालंय, ती रोपं काढून टाका.

खरी मजा एफ-टू मध्ये, म्हणजे पुढच्या पिढीत. एफ-वनच्या फळांतल्या बियांपासून जितकी जास्त रोपं लावता येतील तितकी लावा, वीस-तीस तरी, कारण इथे सगळे जीन विस्कटून नव्याने जुळतात. साधारण चारातल्या तीन झाडांना हिरवे खांदे येतील, ती ठेवा. मग चाखणं. फळ झाडावरच पूर्ण पिकू द्या, फ्रिजमध्ये अजिबात ठेवू नका, थंडीने वासाचे जीन मंदावतात आणि चांगलं झाड उगाच नापास होतं. सगळ्या झाडांची फळं एकाच दिवशी, सारखी पिकलेली चाखा. रिफ्रॅक्टोमीटर (रसाचा गोडवा मोजायचं छोटं यंत्र) असेल तर ब्रिक्स, म्हणजे त्याचा आकडा, मोजा, पण तो फक्त रसातले विरघळलेले पदार्थ मोजतो, वास नाही, त्यामुळे कमी ब्रिक्सचं फळ जास्त आवडलं तर जिभेचं ऐका. घरातल्या दोन-तीन जणांना कुठलं झाड ते न सांगता चाखायला द्या, लहान मुलं फार प्रामाणिक सांगतात.

आवडलेल्या प्रत्येक झाडाचं बी वेगळं ठेवा, गरासकट दोन-तीन दिवस आंबवून, धुवून, सावलीत वाळवून. टोमॅटो बहुतेक स्वतःच स्वतःचं परागीकरण करतो त्यामुळे जाळीबिळी लागत नाही. एफ-थ्री मध्ये एका झाडाच्या सगळ्या पिल्लांना हिरवे खांदे आले तर तो गुण त्या झाडात पक्का झाला असं धरा, चवीचं मात्र तसं एका पिढीत होत नाही, एफ-सिक्सपर्यंत दर पिढीला चाखत राहावं लागतं.