मानवी लॅक्टेट डिहायड्रोजनेज हाताळताना
ई. कोलाय जिवाणूंत तयार केलेले हे मानवी विकर (एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया वेगवान करणारे प्रथिन) पुणे-बेंगळुरू महामार्गाने बेळगावच्या प्रयोगशाळेत पोहोचले की खोके उघडताच ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) शिल्लक आहे ना, हे आधी पाहावे. कुपी बर्फावर वितळवावी, झाकणाला आतून चिकटलेला थेंब तळाशी यावा म्हणून काही सेकंद सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवावी आणि मगच उघडावी. ती खळखळून हलवू नये, कारण फेस झाला की प्रथिनाची घडी मोडते. लगेच एकेका प्रयोगापुरते भाग करून उणे 80 अंशांवर ठेवावेत. पावसाळ्यात आमच्याकडे वीज गेली की कधी येईल सांगता येत नाही, म्हणून फ्रीझरला जनरेटरची जोड हवीच; फ्रॉस्ट-फ्री फ्रीझर मात्र टाळावा, तो बर्फ वितळवण्यासाठी मधूनमधून आपणहून गरम होतो.

क्रियाशीलता मोजताना बफर (आम्लता स्थिर ठेवणारे द्रावण), पायरुवेट (ज्याचे हे विकर लॅक्टेट करते तो पदार्थ) आणि एनएडीएच (या क्रियेत खर्च होणारा साहाय्यक रेणू) 25 अंशांवर स्थिर करून विकर सर्वांत शेवटी मिसळावे व 340 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाचे शोषण घटण्याचा वेग नोंदवावा. एनएडीएचचा शोषण गुणांक (ठरावीक तीव्रतेचे द्रावण किती प्रकाश शोषते तो आकडा) प्रति मोलर प्रति सेंटिमीटर 6,220 धरावा. आलेखाची रेषा पहिल्याच मिनिटात वाकली, तर विकर जास्त झाले असे समजून ते दहापट विरळ करावे. विकराविना एक नमुना सोबत चालवल्याखेरीज कोणताही आकडा वहीत उतरवू नये.