डीपफेक व्हिडिओ पसरला? गावकी बसवण्याआधी या चुका टाळा

गणपतीत आरतीच्या वेळी काढलेला फोटो. त्यातला चेहरा उचलून दुसऱ्याच कुणाच्या उघड्या अंगावर बसवतात आणि तो डीपफेक व्हिडिओ वाडीच्या ग्रुपवर येतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात अशा वेळी घरचे पहिल्या दोन दिवसांत जे करून बसतात, त्यानेच पुढची केस बिघडते. आणि चुका दर वेळी त्याच असतात.

गावकीत मिटवणं

सगळ्यांत जास्त नुकसान यानेच होतं. नेहमी घडतं ते असं: ‘पोर आपल्याच भावकीतलं आहे, पोलीस कशाला?’ म्हणत देवळात बैठक बसते. मानकरी येतात, दोन्हीकडचे भाऊबंद येतात. मुलाला सगळ्यांसमोर मोबाइल काढायला लावतात, व्हिडिओ डिलीट करायला लावतात, ॲप उडवायला लावतात. मग देवापुढे नारळ आणि माफी. मुलीकडच्यांना वाटतं, सुटलो. आठ-पंधरा दिवसांनी तोच व्हिडिओ चाकरमान्यांच्या ग्रुपवरून, विरार-नालासोपाऱ्याहून परत गावात येतो. आता ठाण्यात जायचं म्हटलं, तर ज्या मोबाइलवर तो बनला त्यातला पुरावा गावानेच पुसलेला असतो. मूळ फोटो, तयार झालेली फाइल, पहिल्यांदा कुणाला किती वाजता पाठवली याची नोंद, यातलं काही राहत नाही. मुलगा म्हणतो, मलाही फॉरवर्डच आला होता. ते खोडायला हातात काही नसतं. फॉरेन्सिकवाले कधी कधी पुसलेलं परत काढतात, पण त्या भरवशावर राहू नका.

मुलगी १८ वर्षांच्या आतली असेल तर मिटवणारेच अडचणीत येतात. पॉक्सोच्या, म्हणजे बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, कलम १९ नुसार ज्याला अशा गुन्ह्याची माहिती आहे त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ‘अंग तिचं नव्हतंच’ ही सबबही चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर खऱ्या मुलासारखं हुबेहूब दिसणारं संगणकावर बनवलेलं चित्रही या कायद्यात येतं.

म्हणून संशयिताला आधी जाब विचारू नका, त्याच्या मोबाइलला हात लावू नका. तो जप्त करणं पोलिसांचं काम आहे. तुम्ही तुमच्या मोबाइलमधलं सांभाळा. ग्रुप सोडू नका, मेसेज पुसू नका. स्क्रीनशॉटमध्ये नुसतं सेव्ह केलेलं नाव नको, प्रोफाइल उघडून नंबर दिसला पाहिजे. इन्स्टाग्रामवर असेल तर पोस्टची पूर्ण लिंक आणि युजरनेम हवं, वर दिसणारं नाव कुणीही बदलतं. हे सगळं तारीख-वेळेसह वहीत हाताने लिहून ठेवावं, जबाबाच्या वेळी तीच वही उपयोगी पडते. कोर्टात हा पुरावा भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) च्या प्रमाणपत्रासह द्यावा लागतो, जुने वकील अजून त्याला ‘६५ बी’ म्हणतात. मूळ मोबाइल विकू नका, रीसेट करू नका.

‘हे बघा काय केलंय’ म्हणून नातेवाइकांना पाठवणं

तोही प्रसारच. दाखवायचं असेल तर मोबाइल हातात धरून दाखवा.

तक्रारीत फक्त ‘बदनामी’ लिहिणं

घाईघाईत अर्ज लिहिला जातो: ‘माझ्या मुलीची बदनामी केली.’ अब्रुनुकसानी, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६, अदखलपात्र आहे, म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. हातात एनसीची (अदखलपात्र नोंदीची) पावती मिळते आणि तपास तिथेच थांबतो. आपल्याकडे डीपफेक असं नाव घेऊन शिक्षा सांगणारं वेगळं कलम संहितेत नाही, त्यामुळे काय घडलं ते नीट मांडावं लागतं. लैंगिक कृत्याचा व्हिडिओ असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६७ अ मुख्य: पहिल्या गुन्ह्याला ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड, दखलपात्र आणि अजामीनपात्र. अंग कुणाचं हा प्रश्न तिथे येतच नाही. त्याच कायद्याच्या नुसत्या ६६ ई वर (खासगी अवयवांचं चित्र संमतीशिवाय टिपणं-पसरवणं) विसंबलात तर ‘ते शरीर तिचं नाही’ हा बचाव तयार असतो. सोबत ओळखचोरीचं ६६ क, आणि प्रतिमा मलिन करण्यासाठी बनावट दस्तऐवज म्हणून न्याय संहितेचं कलम ३३६. नोव्हेंबर २०२३ मध्ये एका अभिनेत्रीच्या डीपफेकवर दिल्ली पोलिसांनी ओळखचोरी आणि बनावटीकरणाची कलमं लावली होती. आरोपी जानेवारी २०२४ मध्ये आंध्रात पकडला गेला.

‘साहेब नाहीत’ ऐकून परत येणं

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७८ प्रमाणे तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो. कोकणातली बरीच ठाणी सहायक निरीक्षकांकडे आहेत, म्हणून ‘जिल्ह्याला जा’ असं सांगतात. पण ही अट तपासाला आहे, गुन्हा नोंदवून घ्यायला नाही. झीरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता नोंदवलेला गुन्हा, कुठल्याही ठाण्यात होतो. व्हिडिओ गुहागरात फिरत असला आणि मुलगी डोंबिवलीत राहत असली तरी डोंबिवलीत नोंदवा. नकार दिला तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा, पोस्टाची पावती जपा.

आधी रिपोर्ट, मग पुरावा

क्रम उलटा झाला की लिंकच उडते. आधी वरचं सगळं साठवा, लगेच रिपोर्ट करा. वीस मित्रांनी ‘स्पॅम’ म्हणून दाबण्यापेक्षा तिची स्वतःची, किंवा तिच्या वतीने केलेली, तक्रार भारी पडते. २०२१ च्या नियमांनी अशा तक्रारीवर मजकूर हटवायला २४ तासांची मुदत घातली, पुढे ती आणखी आवळली गेली. काढलेल्या मजकुराची माहिती कंपनीला १८० दिवस जपावी लागते, म्हणून पोलिसांकडे जायला सहा महिने लावू नका. ४८ तासांत मजकूर हटवायला लावणाऱ्या अमेरिकेच्या कायद्याचे फॉरवर्ड वाचून थांबू नका, तो तिथला आहे. मुलगी १८ च्या वर असेल तर असे फोटो-व्हिडिओ पसरण्यापासून रोखणारी स्टॉप एनसीआयआय ही वेबसाइट वापरा. फोटो तुमच्याच मोबाइलवर राहतो, फक्त त्याचा हॅश, म्हणजे बोटांच्या ठशासारखा आकडी ठसा, जातो. फोटो कापून किंवा फिल्टर लावून परत टाकला तर मात्र नवा हॅश द्यावा लागू शकतो.

पैसे देणं

व्हिडिओवरून धमकावून कुणी पैसे मागितले तर देऊ नका. दिले असतील तर यूपीआय व्यवहाराचा क्रमांक जपा आणि लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

पोर्टलवर निनावी तक्रार

राष्ट्रीय सायबर पोर्टलवर ती करता येते, पण पुढे तिचं काय झालं ते तुम्हाला बघता येत नाही. केस लढवायची असेल तर नाव देऊन करा.

वकिलाची फी नाही म्हणून थांबणं

ओरोस, रत्नागिरी, अलिबाग इथे जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे, फोन १५१००. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे बाईला आणि लहान मुलांना तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही.