आधी फिरवा, नाव शेवटी: बसाल्टची स्लाइड वाचायची कशी

परवा पुतणीचा फोन आला. यंदा जिऑलॉजी घेऊन एस.वाय.ला गेली आहे. "आत्या, सूक्ष्मदर्शकाखाली मला सगळं करडंच दिसतंय गं. सरांनी विचारलं हे काय, की मी क्वार्ट्झ म्हणते. मग ते काही न बोलता पुढच्या टेबलाकडे जातात."

सर का बोलत नाहीत ते मला ठाऊक आहे. १९९६ साली पुण्यात ऑप्टिकल मिनरॉलॉजीच्या (सूक्ष्मदर्शकाखाली खनिजं ओळखायच्या विषयाच्या) पहिल्या चाचणीत मी पाचपैकी चार स्लाइडना क्वार्ट्झ लिहिलं होतं आणि ५० पैकी १४ गुण घेऊन होस्टेलवर येऊन झोपले होते. नंतर जीवाश्म शिकले, नकाशे शिकले, पुढे भूजलाच्या कामात विहिरी मोजत अर्धा महाराष्ट्र पालथा घातला. पण इतकं रडवणारं आणि मग इतकं वेड लावणारं दुसरं काही कॉलेजात भेटलं नाही. तिला फोनवर तुकड्यातुकड्यांत जे सांगितलं ते इथे सलग लिहिते.

सुरुवात बटाट्यापासून करा. चेष्टा नाही. पहिल्या टर्मला क्रिस्टलोग्राफी, म्हणजे स्फटिकांच्या आकारांचा अभ्यास, असतो आणि हातात लाकडी मॉडेल्स देतात. ती मॉडेल्स लॅबबाहेर नेता येत नाहीत, आणि डोक्यात तर अजिबात येत नाहीत. मी बटाटा कापून घन केला आणि त्यात उदबत्तीच्या काड्या टोचल्या. समोरासमोरच्या बाजूंच्या मधोमध ३ काड्या, कोपऱ्यातून कोपऱ्यात ४, कडांच्या मध्यातून ६. झाले सममितीचे १३ अक्ष. कोपऱ्यातली काडी चिमटीत धरून बटाटा फिरवला की एका फेरीत तोच चेहरा तीनदा समोर येतो, म्हणजे तो तीनपदरी अक्ष. हे पुस्तकातल्या आकृतीवरून मला महिनाभर कळलं नव्हतं, स्वयंपाकघरात दहा मिनिटांत कळलं. मीलर इंडायसेस, म्हणजे स्फटिकाच्या बाजूंना दिलेले आकडे, मात्र गणितं सोडवूनच येतात, त्याला बटाटा नाही.

आता स्लाइड. खडकाचा तुकडा काचेवर चिकटवून कार्बोरंडम पावडरीवर घासत घासत ०.०३ मिलिमीटरपर्यंत आणतात. आपल्या केसाहूनही पातळ. काळा कुळकुळीत बसाल्ट, म्हणजे आपला काळा पाषाणसुद्धा, इतका पातळ झाला की त्यातून उजेड आरपार जातो. ही जाडी ठरलेली असते, कारण पुढे जे रंग दिसणार ते खनिजाच्या स्वभावावर आणि जाडीवर, दोन्हींवर अवलंबून असतात. खनिजात शिरलेल्या उजेडाचे दोन वेगळ्या वेगाचे किरण होतात, ते दुहेरी अपवर्तन; क्वार्ट्झचा त्याचा आकडा ०.००९. त्याला ३०,००० नॅनोमीटरने गुणा, २७० येतात. मिशेल-लेव्हीच्या १८८८ च्या रंगतक्त्यावर २७० पाशी करडा-पांढरा रंग आहे. स्लाइड जाड राहिली तर तेच क्वार्ट्झ पिवळं दिसतं आणि तुम्ही भलत्याच खनिजाच्या मागे लागता.

हे मला सरांनी नव्हे, लॅबमधल्या मामांनी शिकवलं. स्लाइड तेच बनवायचे. घासता घासता मधेच उचलून सूक्ष्मदर्शकाखाली धरायचे, "अजून पिवळी आहे पोरी" म्हणायचे आणि परत घासायला बसायचे. तुमच्या लॅबमध्ये असे मामा असतील तर त्यांच्याशी आधी ओळख करा. पेटीतली कोणती स्लाइड जाड आहे, कोणत्या स्लाइडचं लेबल चुकलंय, हे त्यांना तोंडपाठ असतं.

बसल्यावर पहिलं काम स्टेज (स्लाइड ठेवायची फिरती गोल चकती) मध्यावर आणणं. एखादा काळा ठिपका तारांच्या फुलीवर आणा, स्टेज गोल फिरवा. ठिपका फुलीवरून निसटून भटकत असेल तर दोन स्क्रू फिरवून तो जागेवर आणा. हे न करता काम सुरू केलं की फिरवताना दाणा दृष्टीआड जातो, आपण शेजारचाच दाणा पाहत राहतो आणि अर्ध्या निरीक्षणाचा मालक एक खनिज, अर्ध्याचा दुसरं. दोन्ही डोळे उघडे ठेवा. एक मिटून पाहिलं की तासाभरात डोकं दुखायला लागतं. आणि मोठ्या भिंगावर असताना नळी कधीही खाली आणत फोकस करू नका. मी एकदा केलं. 'कर्र' असा आवाज आला. त्या स्लाइडबद्दल मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

यानंतरची दहा मिनिटं अॅनालायझर (नळीत आत-बाहेर सरकणारी ध्रुवणाची चकती) बाहेर ठेवायचा. इथेच सगळी मुलं घाई करतात, कारण अॅनालायझर आत ढकलला की रंगांची दिवाळी होते आणि साध्या उजेडात सगळं फिकट, कंटाळवाणं असतं. पण दाण्याचा स्वभाव कळतो तो याच फिकट उजेडात. आधी रिलीफ, म्हणजे दाण्याच्या कडा किती उठून दिसतात ते, बघा. काचेची कांडी गोडेतेलात बुडवली की कडा पुसट होतात, पाण्यात ठळक राहतात. इथेही तसंच. स्लाइड कॅनडा बाल्सम नावाच्या चिकाने चिकटवलेली, त्याचा अपवर्तनांक (उजेड किती वाकवतो त्याचा आकडा) साधारण १.५४. बसाल्टमधलं फिकट खनिज प्लॅजिओक्लेज त्याच्या जवळचं, म्हणून सपाट, शांत. ऑजाइट नि ऑलिव्हिन ही गडद खनिजं बरीच वरची, म्हणून कडा काळ्या नि दाणा फुगून वर आल्यासारखा. पोकळ्यांत भरलेलं झिओलाइट मात्र बाल्समच्याही खालचं. वर की खाली हे ठरवायला बेकेची रेषा: डायफ्रॅम थोडा बंद करा, नळी किंचित वर घ्या, दाण्याच्या कडेची उजळ रेघ ज्या बाजूला सरकेल तिचा अपवर्तनांक जास्त. पंधरा दिवस ही रेघ मला दिसलीच नव्हती. दिसत नसेल तर उजेड कमी करा. जास्त उजेडात ती मरते.

मग रंग. स्टेज फिरवल्यावर रंग बदलतो का? बायोटाइट (काळा अभ्रक) गडद तपकिरीवरून फिकट पिवळ्यावर येतं. दक्षिण भारतातल्या चार्नोकाइटच्या स्लाइडमध्ये हायपरस्थीन असतं, ते गुलाबी-हिरवं होतं, आणि तो खेळ एकदा पाहिला की विसरत नाही. चार्नोकाइटचं नावही गमतीचं आहे. कोलकात्यात ईस्ट इंडिया कंपनीच्या जॉब चार्नोकच्या थडग्यावर जो दगड आहे तोच हा, आणि थॉमस हॉलंड या भूशास्त्रज्ञाने त्यावरून खडकाला नाव दिलं. व्हायव्हाला हे सांगितलं की एक्स्टर्नलचा चेहरा जरा सैल होतो.

आता अॅनालायझर आत. आणि आता फिरवा. एकदा नाही, पूर्ण ३६० अंश, प्रत्येक दाण्याला. दाणा चारदा काळा होईल आणि चारदा उजळेल. कधी काळा होतो ते मोजायचं. दाण्याच्या लांब कडेला किंवा क्लीव्हेजला (खनिज ज्या समांतर रेषांत फुटतं त्यांना) उभ्या तारेशी समांतर करा, स्टेजवरचा आकडा वाचा, काळा होईपर्यंत फिरवा, परत वाचा. फरक शून्य, तर सरळ एक्स्टिंक्शन (दाणा असा काळा होणं म्हणजे एक्स्टिंक्शन). फरक ४० च्या आसपास, दाणा फिकट तपकिरी, रंग तक्त्यातल्या दुसऱ्या क्रमाचे निळे-हिरवे आणि क्लीव्हेज जवळपास काटकोनात, तर ऑजाइटशिवाय फार काही उरत नाही. क्लीव्हेज ५६ आणि १२४ अंशांत छेदत असतील तर हॉर्नब्लेंड. हे दोघे सगळ्यांना छळतात, आणि दोघांना वेगळं करायला कोनमापकच लागतो, डोळ्यावर विसंबू नका. ऑलिव्हिनला क्लीव्हेज नसल्यातच जमा. त्याला वाकड्यातिकड्या भेगा, त्यांच्या कडेने बदल होऊन आलेली तांबूस झाक, आणि रंग सणासुदीच्या साडीसारखे भडक.

माझ्या १४ गुणांचं कारण प्लॅजिओक्लेज. तेही करडं-पांढरं, क्वार्ट्झही करडं-पांढरं. पुस्तकातला तक्ता पाठ केलेला, त्यात क्वार्ट्झ आधी येतं, म्हणून तेच तोंडात. पण करडा दाणा दिसला की थांबायचं आणि फिरवायचं. प्लॅजिओक्लेजच्या अंगावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या निघतात, झेब्र्यासारख्या, आणि फिरवलं की काळ्याच्या पांढऱ्या नि पांढऱ्याच्या काळ्या होतात. क्वार्ट्झ कोरं असतं. मुळात दख्खनच्या बसाल्टमध्ये क्वार्ट्झ शोधायचंच कशाला? जवळजवळ ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला हा लाव्हा, ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. त्यात सिलिका इतकी शिल्लक नसते की स्वतंत्र क्वार्ट्झ तयार व्हावं. पोकळ्यांमध्ये नंतर आलेली गारगोटी असते, ती वेगळी. खडक कुठला आहे हे आधी विचारलं असतं तर माझे २० गुण वाचले असते.

पट्ट्या दिसल्या म्हणजे काम संपलं नाही, खरी मजा पुढे आहे. पट्ट्या उभ्या तारेला समांतर करा. डावीकडे फिरवत एक जोडी काळी होईल तो कोन लिहा, मग उजवीकडे दुसरी जोडी. मला पहिल्यांदा ३१ आणि ३४ आले होते. चार-पाच अंशांहून जास्त फरक आला तर तो दाणा सोडून द्या, तो तिरपा कापला गेलाय. असे सात-आठ दाणे मोजा आणि सरासरी नव्हे, त्यातला सगळ्यात मोठा आकडा घ्या. (प्रत्येक दाण्याची डावी-उजवी सरासरी काढायची, पण दाण्यादाण्यांची नाही. इथे दरवर्षी निम्मा वर्ग पडतो.) तो आकडा आलेखावर नेला की सोडियम-कॅल्शियमचं प्रमाण हातात. माझं लॅब्राडोराइट (प्लॅजिओक्लेजचाच एक प्रकार) निघालं. नुसता दाणा फिरवून त्याच्या पोटातलं रसायन कळतं, हे समजल्यावर त्या रात्री मी लॅब बंद होईपर्यंत उठले नाही.

जर्नलबद्दल थोडं. वर्तुळासाठी कंपास शोधत बसू नका, बांगडी ठेवा. एका अर्ध्या भागात साध्या उजेडातलं चित्र, दुसऱ्यात क्रॉस्ड निकोलमधलं, म्हणजे अॅनालायझर आत असतानाचं. सीनियरच्या जर्नलमधून उतरवलेलं चित्र ओळखायला सरांना तीन सेकंद लागतात, कारण त्यात सगळे दाणे सुबक असतात. खऱ्या स्लाइडमध्ये प्लॅजिओक्लेजच्या काड्या खिरीतल्या शेवयांसारख्या एकमेकींत घुसलेल्या असतात आणि मोठ्या ऑजाइटने त्या पोटात घेतलेल्या असतात. तसंच काढा. नावं पेन्सिलीने, कारण ती तुम्ही बदलणार आहात.

कोनोस्कोप, बर्ट्रांड लेन्स, जिप्सम प्लेट वगैरे पुढचं तंत्र टी.वाय.ला पुन्हा येतं. तूर्तास एवढंच लक्षात ठेवा की त्यातून पाहताना स्टेज फिरवली तर एकअक्षी (एकच प्रकाश-अक्ष असलेल्या) खनिजाची काळी फुली मोडत नाही, द्विअक्षीची मोडून दोन कमानी होतात.

सवय डोळ्यांना लागते, डोक्याला नाही. म्हणून घरचा दगड आणा. माझ्या वडिलांच्या विहिरीला ५० फुटांवर काळा पाषाण लागला होता आणि सुरुंगाचे पैसे संपले म्हणून काम थांबलं होतं. त्या ढिगातला एक तुकडा मी मामांना दिला. त्यांनी स्लाइड करून दिली, सोबत माझ्याकडून चार दिवस घासूनही घेतलं. त्या एका स्लाइडवर मी जितके तास घालवले तितके पेटीतल्या पन्नासांवर मिळून घातले नसतील. पुढे मंचरजवळ सहलीला गेलो, तिथे बोटाच्या पेरांएवढे प्लॅजिओक्लेजचे स्फटिक नुसत्या डोळ्यांनी दिसले, तेव्हा ओळखीचं माणूस बाजारात भेटावं तसं झालं.

प्रॅक्टिकल परीक्षेच्या दिवशी शेवटची स्लाइड अशी आली की मला घाम फुटला. साध्या उजेडात सरळसरळ प्लॅजिओक्लेजच्या काड्या. अॅनालायझर आत घातला, काळ्या. फिरवलं, काळ्या. पूर्ण फेरी मारली, तरी काळ्याच. यंत्र बिघडलंय वाटून शेजारचा ऑजाइट पाहिला, तो छान रंगीत. तक्त्यात असं काही नव्हतं. वर्षभरापूर्वी असते तर मी काहीतरी नाव ठोकून दिलं असतं. मी लिहिलं: 'आकार प्लॅजिओक्लेजचा, वागणं काचेचं. नाव सांगता येत नाही.'

एक्स्टर्नलनी उत्तरपत्रिका वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, "लोणारला गेलीयेस?" नव्हते गेले. बुलढाण्यातलं ते १.८ किलोमीटर रुंदीचं विवर अशनीच्या आघाताने झालं, आणि त्या धक्क्याने प्लॅजिओक्लेज न वितळता, आकार न सोडता आतून काच झालं. त्याला मास्केलिनाइट म्हणतात, हे त्यांनी सांगितलं. त्या स्लाइडचे १० पैकी ९ मिळाले. एक गुण नावाचा गेला.

पुतणीची सहल डिसेंबरमध्ये लोणारलाच आहे. तिला सांगून ठेवलंय, तिथून दगड उचलायचा नाही, अभयारण्य आहे. स्लाइड लॅबच्या पेटीत असेल, मामांना विचार.