डेस्कटॉप मेसेजिंग ॲपची किल्ली: या चुका टाळा

‘संदेश एन्क्रिप्टेड आहेत, मग काळजी कसली?’ हे वाक्य सोलापुरातल्या पेढ्यांवर आणि कारखान्यांत वारंवार ऐकू येते. एंड-टू-एंड एन्क्रिप्शन, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा यांच्याशिवाय कोणाला वाचता येणार नाही असे सांकेतिक रूप, संदेशाला वाटेत जपते. संगणकावर साठलेल्या संदेशांची सुरक्षितता मात्र तिथल्या किल्लीवर, म्हणजे ते उघडणाऱ्या गुप्त कोडवर, अवलंबून असते. सिग्नल या मेसेजिंग सेवेचे डेस्कटॉप ॲप डेटाबेस (संदेशांचा साठा) एन्क्रिप्ट करत असे, पण त्याची किल्ली २०२४ पर्यंत त्याच फोल्डरमधल्या एका फाइलीत साध्या मजकुरात पडलेली असे, म्हणजे कुलपाशेजारीच चावी. त्या वर्षी टीका वाढल्यावर ही किल्ली ऑपरेटिंग सिस्टिमच्या ताब्यात देण्यात आली: विंडोजवर डीपीएपीआय (वापरणाऱ्याच्या खात्याशी गुपिते बांधून ठेवणारी सोय), मॅकवर कीचेन (पासवर्ड-किल्ल्यांची तिजोरी).

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे फोल्डर कॉपी केला की बॅकअप झाला असे समजणे. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात ऑपरेटरने सिग्नलचा फोल्डर पेनड्राइव्हवर घेतला आणि लगेच संगणक फॉरमॅट केला. नव्या विंडोजवर डेटाबेस उघडेना, कारण त्याची किल्ली ज्या खात्याशी बांधलेली होती, ते खातेच पुसले गेले होते. मालकांनी मोबाइल बदलताना जुने संदेश नव्या फोनवर घेतले नव्हते. त्यामुळे सुताच्या दरांची सगळी बोलणी कायमची गेली. ‘दुसरे सॉफ्टवेअर टाकून उघडून द्या’ असा आग्रह नंतर बराच वेळ चालला, पण अशा घाईला एन्क्रिप्शन दाद देत नाही. मी फॉरमॅट करण्याआधी महत्त्वाचा मजकूर वेगळा उतरवून घेतो, तो दुसऱ्या संगणकावर उघडून पाहतो आणि मगच पुढे जातो.

विंडोजच्या स्थानिक खात्याचा पासवर्ड ॲडमिनकडून रीसेट करून घेऊ नये. जुना पासवर्ड देऊनच तो बदलावा, अन्यथा डीपीएपीआयची गुपिते हाती लागत नाहीत.

तिघांनी एकच विंडोज खाते वापरणे मला मुळीच मान्य नाही. डीपीएपीआय संगणकावरच्या दुसऱ्या खात्यापासून किल्ली वाचवते. त्याच खात्यात चालणाऱ्या चोरट्या प्रोग्रॅमपासून नव्हे. क्रॅक केलेले अकाउंटिंग सॉफ्टवेअर टाकणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

टेलिग्रामच्या डेस्कटॉप ॲपचा टीडेटा फोल्डर (ॲप आपली माहिती ठेवते तो) कोणाच्या हाती लागला, तर चालू सेशनही, म्हणजे लॉगिन असलेले खातेही, त्याच्या हाती लागते. म्हणून लोकल पासकोड, म्हणजे त्या संगणकावर ॲप उघडण्याचा पासवर्ड, लावावा.

लिनक्सवर गनोम कीरिंग किंवा केवॉलेट (किल्ल्या जपणारे प्रोग्रॅम) चालू आहे याची खात्री करावी. ते नसेल, तर इलेक्ट्रॉनची (सिग्नलचे डेस्कटॉप ॲप ज्यावर बांधले आहे त्या सॉफ्टवेअर-सांगाड्याची) सेफस्टोरेज ही किल्ली जपण्याची सोय प्रोग्रॅममध्येच लिहिलेल्या ठराविक पासवर्डवर येऊन थांबते, आणि तो सर्वांनाच ठाऊक आहे.