डॅशबोर्डचं टूल उघडण्याआधी

टूल अजून उघडू नका. आधी वही-पेन घ्या आणि ज्यांच्यासाठी डॅशबोर्ड, म्हणजे धंद्याचे मुख्य आकडे एकत्र दाखवणारा पडदा, करायचा आहे त्या कंपनीच्या संस्थापकांसोबत तासभर बसा. ‘तुम्हाला काय काय बघायचंय?’ हा प्रश्न टाळा, कारण त्याचं उत्तर ‘सगळंच’ असं येतं. त्याऐवजी विचारा, गेल्या महिन्यात कोणता निर्णय आकड्यावाचून अडला? नवा माणूस घ्यायचा की थांबायचं, जाहिरातीवरचा खर्च वाढवायचा का, कुठला माल पुन्हा मागवायचा. असे चार-पाच निर्णय वहीत उतरवा आणि प्रत्येकापुढे तो किती दिवसांनी घ्यावा लागतो तेही लिहा. वर्षातून एकदा लागणाऱ्या आकड्याला रोजच्या पडद्यावर जागा देऊ नका.

हे अनुभवाने सांगते. एका संस्थापिकेसाठी मी बावीस आलेखांचा डॅशबोर्ड केला होता. महिन्याभराने कळलं की त्या रोज सकाळी हिशेब बघणाऱ्या माणसाला फोन करून विचारतात, ‘काल किती जमा झाले? आणि कोणाचे यायचेत?’ बावीस आलेखांत या दोन प्रश्नांची उत्तरं कुठेच नव्हती. म्हणून आता संस्थापक रोज कोणाला फोन करून काय विचारतात, हे मी दोन-तीन दिवस टिपून घेते. तुम्हीही घ्या.

मग व्याख्या. इथे घाई करू नका. सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो आणि जायलाच हवा. ‘विक्री’ हा एकच शब्द घ्या. समजा, वर्षभराचं सभासदत्व आज १,२०० ला विकलं गेलं आणि पैसेही आजच आले. विक्री बघणारे म्हणतील, आजची विक्री १,२००. बँकेतही १,२०० दिसतील. पण हिशेबाच्या दृष्टीने दर महिन्याचं उत्पन्न १०० च आहे, बाकीची सेवा अजून द्यायची आहे. तिन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत, आणि बँकेतला आकडा उत्पन्न समजून कोणी दोन माणसं नेमली तर सहा महिन्यांनी पगाराची ओढाताण होते. ‘सक्रिय ग्राहक’ म्हणजे आज लॉगिन केलेला, की गेल्या ३० दिवसांत काही विकत घेतलेला? परत आलेला माल वजा केलाय का? कर धरून की सोडून? प्रत्येक व्याख्या एका साध्या वाक्यात लिहा, संस्थापकांना मोठ्याने वाचून दाखवा आणि तेच वाक्य पडद्यावर आकड्याखाली ठेवा. ‘चर्न’ लिहू नका, ‘या महिन्यात सोडून गेलेले ग्राहक’ लिहा. धंदा त्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळतो, फक्त ही परिभाषा त्यांची नाही.

व्याख्या ठरल्या की आकड्यांचा ताळा करा. मागचा एखादा पूर्ण महिना निवडा आणि डॅशबोर्डचा आकडा बँकेच्या स्टेटमेंटशी, बिलांशी पडताळून बघा. फरक आला तर तो शेवटच्या नोंदीपर्यंत शोधा. बहुतेकदा चाचणीसाठी टाकलेल्या ऑर्डरी, दोनदा आलेली नोंद किंवा वेळेचा घोळ सापडतो: सर्व्हर बहुधा यूटीसीवर, म्हणजे भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर चालतो, त्यामुळे मध्यरात्रीनंतरची विक्री आदल्या तारखेत जाते. पहिल्याच आठवड्यात एक आकडा चुकीचा निघाला की संस्थापक पुन्हा डॅशबोर्डकडे फिरकत नाहीत, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

सरासरीकडे वेगळं लक्ष द्या. दहा ऑर्डरींपैकी नऊ २ दिवसांत पोचल्या आणि एक ३२ दिवसांनी, तर सरासरी ५ दिवस येते. पण ५ दिवसांत पोचलेली ऑर्डर एकही नाही! तिथे मध्यक, म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा दाखवा, इथे २ दिवस, आणि शेजारी ‘१० दिवसांपेक्षा जास्त रखडलेल्या: १’ असं लिहा. संस्थापकांना फोन करायचाय तो त्या एका ग्राहकाला. टक्क्यांचंही तसंच. २ टक्क्यांवरून ३ टक्के झालं तर कोणी १ टक्का वाढ म्हणेल, कोणी ५० टक्के वाढ म्हणेल. सरळ ‘शंभरातले २ होते, आता ३’ असं लिहिलं की वाद मिटतो.

आलेखांची निवड त्यामानाने सोपी. क्लीव्हलंड आणि मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये दाखवून दिलं की एकाच पट्टीवरची उंची माणूस अचूक ताडतो, कोन आणि क्षेत्रफळ ताडताना चुकतो. म्हणून तुलनेसाठी स्तंभ, काळानुसार बदलासाठी रेषा, गोल आलेख शक्यतो नकोच. स्तंभ शून्यापासून सुरू करा. लाल-हिरव्यावर भिस्त ठेवू नका, सोबत बाण किंवा शब्द द्या; उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्क्यांना लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही.

प्रत्येक आकड्याला तुलना हवी, आणि ती सारख्याला सारखी. महिन्याच्या ९ तारखेला चालू महिन्याचा स्तंभ मागच्या पूर्ण महिन्याशेजारी ठेवला तर विक्री कोसळल्यासारखी दिसते. ९ दिवसांशेजारी मागचे ९ दिवसच ठेवा.

आता कागदावर पडदा काढा. पाच-सात आकडे, सगळ्यात वर रोकड किती महिने पुरेल तो: शिल्लक ३६ लाख आणि दरमहा निव्वळ ४ लाख जात असतील तर ९ महिने. चौकटींत मुद्दाम वाईट आकडे भरा आणि संस्थापकांसमोर कागद ठेवून विचारा, ‘हा असा आला तर काय कराल?’ उत्तर ‘काही नाही’ असेल तर ती चौकट खोडा, कितीही आवडती असली तरी. हाच कागद फोनच्या पडद्याएवढा घडी घालून बघा, कारण पाहणं बहुतेक तिथेच होणार.

शेवटी दोन गोष्टी ठरवून घ्या. माहिती शेवटची कधी आली याची वेळ पडद्यावर दिसू द्या, आणि ती यायची थांबली तर कोणाला निरोप जाईल त्या माणसाचं नाव वहीत लिहा. डॅशबोर्ड सुरू झाल्यावर पंधरा दिवसांनी हिशेब बघणाऱ्या माणसाला विचारा, सकाळचा फोन अजून येतो का, आणि त्यात काय विचारतात.