पिवळा बेडूक दिसला की काठी उचलू नका! या चुका टाळा

मृगाचा पाऊस सुरू झाला की पाटण, जावळीकडून पिवळ्याधमक बेडकांचे व्हिडिओ फिरायला लागतात. खाली ठरलेला मजकूर: ‘अ‍ॅमेझॉनचा विषारी बेडूक आला, दिसताच मारा.’ फॉरवर्ड करायला दोन सेकंद लागतात, बेडूक नीट बघायला पाच मिनिटं. तेवढाही धीर कुणाला नसतो, याचा मला राग येतो.

एकदा पाटणजवळच्या गावातून फोन आला. गेलो तर बांधावर काठ्या घेतलेली पोरं आणि चिखलात ठेचलेले बेडूक. वाचलेला एक नर खाचरातल्या पाण्यात अजून ओरडत होता. प्रत्येक हाकेला घशाच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे फुगत होते. तो इंडियन बुलफ्रॉग. एरवी शेवाळी रंगाचा, विणीच्या दिवसांत नर पिवळा होतो आणि नंतर रंग उतरतो. शेतातले किडे, खेकडे खाणारा हा प्राणी. याच्या तंगड्यांची निर्यात भारतानं 1987 मध्ये बंद केली, आणि आपण त्याला बांधावर ठेचतो.

मी पोरांना आकार विचारला. एकानं पंजा पसरून दाखवला. खरा सोनेरी विषारी बेडूक कोलंबियाच्या पॅसिफिक किनाऱ्याकडच्या जंगलात राहतो, जेमतेम पाच सेंटिमीटरचा, आणि दिवसाउजेडी जमिनीवर फिरतो. म्हणून मी फोटो पाठवणाऱ्याला आधी तीनच गोष्टी विचारतो: केवढा होता, कुठं बसला होता, दिवस होता की रात्र. फोटोत शेजारी नाणं असेल तर उत्तमच.

‘पाळलेले विषारी बेडूक लोक हातात धरतात, मग जंगलातलेही चालतील’ हा दुसरा शहाणपणा. त्यांचं विष मुख्यतः जंगलातल्या मुंग्या, माइट्ससारख्या (अगदी बारीक कोळीवर्गीय जीव) खाद्यातून येतं. पिंजऱ्यात जन्मून फळमाश्यांवर वाढलेल्यात ते नसतं. जंगलातल्याची गोष्ट वेगळी.

बाणांना विष लावण्यासाठी सगळेच रंगीत बेडूक वापरतात, हेही चूक. कोलंबियातले एम्बेरा आदिवासी त्यातल्या मोजक्याच जाती वापरतात.

बेडकावर मीठ टाकू नका. त्याच्या कातडीतून पाणी आत-बाहेर होतं; मीठ ते पाणी बाहेर ओढतं आणि तो तडफडून मरतो.

आणि आपल्या अंगणातला मातकट, खरबरीत भेक? त्याच्या कानामागच्या ग्रंथींत खरोखर विष असतं. कुत्र्यानं तो तोंडात धरला आणि फेस आला, तर तोंड पाण्यानं पुसून काढा, पाणी घशात जाऊ देऊ नका, आणि लगेच पशुवैद्याकडे न्या.