पवनचक्कीचा सिम्युलेशन रिपोर्ट हातात आला तर आधी काय बघायचं

आमच्या पाटोद्याच्या माळावर, तिकडं भूम-वाशीकडं पवनचक्क्या उभ्या राहिल्यापासून पारावर एकच प्रश्न, सिम्युलेशन रिपोर्टात, म्हणजे वर्षाला किती वीज निघेल याच्या कॉम्प्युटरनं काढलेल्या अंदाजात, एवढे युनिट लिहिलेत ते खरंच निघतात का? मी साइटवर असतो म्हणून लोक मलाच धरतात. तर ऐका, कॉम्प्युटर गणितात सहसा चुकत नाही, त्याला दिलेला वारा चुकतो. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

म्हणून रिपोर्टातला शेवटचा आकडा सोडा, आधी वारा कुठं, किती उंचीवर आन् किती दिवस मोजला ते शोधा. जागेवर मास्ट, म्हणजे वारा मोजायचा उंच खांब, लावून वर्षभर मोजला असेल तर बरं. नुसता ईआरए-५ सारखा, म्हणजे साऱ्या जगाच्या हवामानाचा कॉम्प्युटरनं मांडलेला डेटा असेल तर सावध, त्याचा एक चौकोन साधारण ३१ किलोमीटरचा, त्यात आमचं पठार, घाट आन् खालचं रान सगळं एकच होऊन जातं.

मग उंची. समजा १० मीटरवर ४ मीटर प्रति सेकंद वारा मोजला आन् गणितानं तो १०० मीटरवर नेला. शिअरचा, म्हणजे उंचीबरोबर वारा किती वाढतो त्याचा, आकडा ०.१४ धरला तर साडेपाच येतो, ०.२ धरला तर ६.३. फरक किरकोळ वाटतो ना? पण वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनानं वाढते, म्हणजे इथंच जवळपास दीडपट फरक पडला, आन् तोही एका गृहीतकावरून! म्हणून मास्ट हबच्या (पाती जिथं जोडतात त्या मधल्या भागाच्या) उंचीच्या जितका जवळ तितकं चांगलं.

हवेची घनता पण बघा, ही लई जण विसरतात. मशीनचा पॉवर कर्व्ह, म्हणजे किती वाऱ्याला किती वीज याचा तक्ता, बहुतेक घनमीटरला १.२२५ किलो घनता धरून काढलेला असतो, पण ७०० मीटर उंचीवर ३५ डिग्रीत हवा १.०६ च्या आसपासच भरते. रेटेड वेगाच्या, म्हणजे मशीन पूर्ण ताकदीला पोचतं त्या वाऱ्याच्या, खाली तेवढाच, १३-१४ टक्के फटका. रिपोर्टात घनतेची दुरुस्ती दिसली नाही तर सरळ विचारायचं.

आता वेक, म्हणजे पुढच्या पवनचक्कीमागचा थकलेला वारा. आषाढात एकदा दोन मशीनचे पॅनेल पाठोपाठ बघितले, पुढचं ८ मीटर प्रति सेकंद वारा दाखवत होतं, मागचं ७. एवढ्यानंच ताकद एक तृतीयांश कमी. (नॅसेलवरचा, म्हणजे टॉवरच्या टोकावरच्या मशीनपेटीवरचा, मीटर पात्यांच्या मागं असतो, म्हणून हे आकडे ढोबळच समजा.) सिम्युलेशनमध्ये १९८३ च्या जेन्सनच्या मॉडेलसारखं सोपं गणित अजूनही चालतं, सपाट रानात ठीक जमतं, पण कड्याच्या काठावर वारा उसळून वळतो तिथं ते फसू शकतं. शेजारी नंतर दुसऱ्याची रांग उभी राहिली तर जुन्या रिपोर्टाला ती कुठून माहीत असणार.

पी-५० आन् पी-९० यात गोंधळ करू नका. २ मेगावॅटचं मशीन, ३० टक्के सीयूएफ (वर्षभर पूर्ण ताकदीनं चाललं असतं तर निघाली असती त्यातली खरी निघणारी वीज), म्हणजे वर्षाला साडेबावन्न लाख युनिट, हा पी-५०, निम्मी वर्षं याच्या खालीच जाणार. अनिश्चितता १२ टक्के धरली तर पी-९०, म्हणजे दहातली नऊ वर्षं ज्याच्या वर जातील तो आकडा, साडेचव्वेचाळीस लाखावर येतो. कर्जाचा हप्ता बसवायचा तर हा आकडा धरा.

शेवटी खरं उत्पादन ताडून बघताना पूर्ण १२ महिने घ्या, कारण आमच्याकडं जून ते सप्टेंबरमध्येच मोठा हिस्सा निघतो, नुसत्या जुलैवरून कोणी छाती फुगवू नये आन् नुसत्या ऑक्टोबरवरून रडू नये. स्काडामधून, म्हणजे मशीनची सगळी नोंद ठेवणाऱ्या कॉम्प्युटर यंत्रणेतून, ब्रेकडाउनचे तास, फीडर ट्रिपचे (वीज नेणारी लाइन पडल्याचे) तास, वरून बंद ठेवायला सांगितलेले तास वेगळे काढा. एका जुलैत आमची लाइन ऐन वाऱ्यात दोन दिवस गेली, पाती नुसती उभी, आन् खाली चहाच्या टपरीवर सगळे म्हणत होते की कॉम्प्युटर खोटं बोलला.